उजवी कळी

१

गुरवाच्या घरात देवीच्या पूजेची पाळी जमिनीच्या हिश्श्यासारखी असते. ती आली की करावीच लागते, मग घरातला एक मुलगा कॉलेजात तर्कशास्त्र का शिकवत असेना. नाथाजी गुरव सांगलीहून रेल्वेनं लोणंदला उतरला तो याच कारणानं. थोरला भाऊ जोतिबा बैलगाडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता, आणि गावच्या वडजाईच्या पूजेचा महिना नेमका त्यांच्या घराकडं आला होता. चुलत्यांच्या हाती पाळी द्यायला जोतिबा तयार नव्हता. त्यानं निरोप धाडला, 'ये.' नाथाजीनं रजा टाकली.

तसा तो देव मानणारा नव्हता. दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका व्याख्यानमालेत तो बोलला होता. विषय होता, 'माणूस स्वतंत्र आहे काय?' नाही, असं त्याचं उत्तर होतं. टेकडीवरून सुटलेला दगड जसा गडगडत येतो, तसा माणूस जन्मल्यापासून गडगडत असतो. फरक एवढाच, की दगडाला आपण आपल्या मर्जीनं निघालो असं वाटत नाही. चोराच्या हातामागं त्याची भूक, भुकेमागं पाऊस, पावसामागं वारा. मग गुन्हेगार कोण? वारा? पहिल्या रांगेत एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. जन्मभर माणसांना तुरुंगात धाडून आलेल्या त्या गृहस्थांनीही टाळ्या वाजवल्या. टाळी ही अशीच फुकट असते. ती वाजवताना कुणाला काही सोडावं लागत नाही.

लोणंदहून फलटणच्या एसटीनं तो फाट्यावर उतरला आणि कालव्याच्या कडेकडेनं चालू लागला. दुपार कलत होती. दोन्ही अंगांना गावचे बडे बागायतदार लालासाहेब यांचा ऊस, डोक्याच्या वर गेलेला, खाली वाळक्या पाचटाचा थर. पाळी सुरू झाली की महिनाभर सिगारेट बंद, म्हणून त्यानं शेवटची पेटवली. अर्धी ओढून होते तोच समोरून बैल हाकत कुणी येताना दिसलं. गुरवाच्या पोरानं पूजेला येताना सिगारेट ओढलेली गावानं पाहू नये, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं हात मागं नेला आणि सिगारेट उसात टाकली.

"परफेसर! कवा आलासा?" गुंडा होता तो. पलटणीतून पेन्शनीवर आलेला, लालासाहेबांच्या बांधाला बांध लागून त्याचं एवढंसं रान.

"हा काय, येतोच आहे. बरं आहे ना?"

"बरंच म्हनायचं. लालासायबानं पान्याची पाळी खाल्ली माजी. शिव्या दिल्या म्या, भर पारावर. तेवढ्यानं भागलं बगा." गुंडा हसला, मग नाक वर करून म्हणाला, "कुनीतरी विडी वडलीय गड्या हितं."

नाथाजीही हसला. दोघं आपापल्या वाटेनं गेले.

दिवस मावळायच्या आत गावावर धूर चढला. लालासाहेबांचा ऊस पेटला होता. माणसं बादल्या, फांद्या घेऊन धावली. नाथाजी देवळाच्या पायरीवर उभा राहून बघत होता. पेटता ऊस ताडताड फुटतो, तो आवाज गावभर येत होता. तो तिथंच उभा राहिला. लोकांना वाटलं, पाळीचा माणूस, सोवळं मोडू नये म्हणून थांबला असेल.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाभाऱ्यात गेला. लहानपणापासून हातात बसलेलं काम. शिळी फुलं काढायची, पंचपात्रातलं पाणी बदलायचं, समईची वात पुढं सारायची. वडजाईची मूर्ती शेंदरानं मढलेली, जाड खांद्यांची, पाठ भिंतीत गेलेली. मूर्ती आणि भिंत एकच दगड आहे असं वडील सांगायचे.

तो वाकून फरशी पुसत होता, तेव्हा उजव्या कानाशी आवाज झाला.

टप्.

फार हलका. गावातल्या दुसऱ्या कुणालाही तो ओळखता आला नसता. पण गुरवाचं पोर तो आवाज विसरत नाही. कौलाची कळी मूर्तीच्या खांद्यावरून सुटून खाली पडते तेव्हा असं व्हायला हवं, असं त्याला लहानपणी वाटायचं. प्रत्यक्षात तेव्हा काहीच ऐकू येत नाही. कळीचं वजन ते काय! कौल नेहमी डोळ्यांनी बघायचा असतो. गाऱ्हाणं घालायचं, देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं कळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

नाथाजीनं मान वर केली. कौल लावलेला नव्हताच. मूर्तीच्या खांद्यांवर काही नव्हतं, खाली फरशीवर काही नव्हतं. उंदीर असेल. छतातून पाझर असेल, पण माघ महिन्यात पाझर कुठला? वटवाघूळ असेल. त्यानं हात फिरवून फरशी चाचपली. ती कोरडी होती.

'दोन दिवसांची झोप राहिलीय,' त्यानं स्वतःला सांगितलं. हे कारण बरं होतं. त्यानं पूजा पुरी केली. मात्र पूजा करताना मनात एकच प्रश्न घोळत होता, आणि तो आवाजाच्या आधीपासून घोळत होता, हे त्याला बाहेर आल्यावर जाणवलं. प्रश्न असा होता: ती सिगारेट विझली होती का पेटती होती?

३

देवळापुढच्या पारावर गाव जमलं. लालासाहेब मध्ये बसले होते, पायांत चपला तशाच. मोठा माणूस, तोंडानं गोड. त्यांना आग लावणारा हवा होता, आणि तो त्यांच्या मनात ठरलेला होता.

"पान्यावनं भांडला कोन? गुंडा. बांध कुनाचा लागून? गुंडाचा. आनि काय पाहिजे?"

"भांडलो व्हय," गुंडा म्हणाला. "भांडन तोंडानं केलं. काडीनं न्हाई."

"काल दुपारच्याला हुतास कुटं?"

"तितंच. बैलं बांधली आन् बांधावर जरा आडवा झालो. डोळा लागला. उठलो तवा जाळ."

"बगा! सोताच सांगतोय, तितंच हुतो म्हनून." लालासाहेब नाथाजीकडं वळले. "परफेसर, तुमी त्याच वाटंनं आलासा. कोन दिसलं तुमाला?"

नाथाजीनं तोंड उघडण्याच्या आत उजव्या कानात पडलं. टप्.

"गुंडा भेटला," तो म्हणाला.

ते खरंच होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. तो सहसा खोटं बोलत नाही, खऱ्यातलं पाहिजे तेवढं बोलतो.

पारावर गलका झाला. कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं पानी तोडा, वाळीत टाका. गुंडाची बायको बनुबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. "आवं, झोपलेला मानूस आग लावंल का? अक्कल हाय का न्हाई कुनाला?" तिला बसवलं गेलं. तेव्हा गुंडानं हात वर केला, पलटणीत करतात तसा सरळ.

"माज्यावर इस्वास न्हाई ना? ऱ्हाऊ द्या. आईवर हाय का? मंग आईला इचारा. कौल लावा. ती म्हनंल ती आर्डर."

एकेकाच्या माना हलल्या. खरं तर लालासाहेबांना हे नको होतं, पण देवीला नको कोण म्हणणार? मंगळवारी सकाळी कौल लावायचा ठरलं. गुंडा नाथाजीजवळ आला, वाकला आणि म्हणाला, "तुमी लावनार, मंजे माजी काळजी मिटली."

४

"दाबायचं न्हाई, एवढं ध्यानात ठेव," जोतिबा म्हणाला. तो ओसरीवर बाजेवर पडून होता, प्लास्टरच्या पायावर उशी. "कळी पान्यात बुडवायची, खांद्याला टेकवायची, हात काडून घ्यायचा. अंगठ्यानं दाबलीस की बूड चपटं हुतं आन् ती धरून बसती. मंग दुसरी पडनारच."

"म्हणजे सगळं अंगठ्यावर आहे."

"तसं कसं? न दाबता लावली तर आईवर हाय."

"तू कधी दाबलं नाहीस?"

जोतिबा इकडंतिकडं बघून हसला. "लग्नाच्या कौलाला दाबतो की. पोरगी बरी दिसली तर. आईलाबी चालतं ते. पर गुन्ह्याच्या कौलाला न्हाई रं बाबा. दाबलं की ते आपलं झालं. मंग ते आपल्याला निस्तरावं लागतं."

वहिनी आतून म्हणाली, "माज्या येळंला कुठली दाबली हुती?"

"दोनीबी दाबल्या," जोतिबा म्हणाला, "पर एक पडलीच." वहिनीनं आतून काहीतरी फेकलं.

नाथाजीला हसू आलं नाही. आता तो आवाज देवळाबाहेरही येत होता. विहिरीवर जावं का परसात अंघोळ करावी, एवढा साधा विचार मनात आला की एका कानाशी टप् व्हायचं, आणि पाय त्याप्रमाणं निघायचे. वहिनीनं "भाकरी आणखी?" म्हणावं, आणि होय की नाही हे त्याच्या मनात ठरायच्या आत उजवीकडं किंवा डावीकडं पडावं. त्यानं मुद्दाम उलट करून बघितलं. उजवीकडं पडलं तर नको म्हणायचं, असं ठरवून तो पानावर बसला. उजवीकडं पडलं. 'नको' ओठांवर आलं, आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, आपल्या अंगात कणकण आहे, खाल्लेलं बरं. भाकरी घेतल्यावर कणकण गेली. दुसऱ्यांदाही असंच काहीतरी सबळ कारण मिळालं. तिसऱ्यांदाही.

तर्कशास्त्राच्या माणसानं याला घाबरायला हवं होतं. पण खोटं का सांगा, नाथाजीला त्यात आधार वाटू लागला. सगळं आधीच ठरलेलं असतं हे तो व्याख्यानात बोलला होता, आता ते कानानं ऐकत होता. मग सिगारेटही आधीच पडलेली होती. हात त्याचा, पण पडणं त्याचं नव्हतं. पाचट, वारा, समोरून येणारे बैल, गुरवाच्या पोराची लाज, हे सगळं एकाला एक जोडून आलेलं. त्यात तो कुठं होता? परसातल्या चुलीपाशी शेकत बसला असताना त्याला बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं. त्या शांतपणाची त्याला पुढं जितकी लाज वाटली, तितकी सिगारेटचीही वाटली नाही.

५

सोमवारी दिवस उगवायला बनुबाई परसदारी आली. डोक्यावर घागर, पण ती पाण्याला आली नव्हती.

"नाथाभाऊ, एक सांगू का? ह्यांचा आईवर लय जीव. आई जे म्हनंल ते हे खरं धरत्यात. म्हनून भ्या वाटतं मला."

"त्यानं केलं नाही ना? मग भ्यायचं काय?"

"तसं न्हाई." तिनं घागर खाली ठेवली. "पलटणीत एकदा हे झोपंत उठून चालत गेल्ते म्हनं. पहाऱ्यावरच्या संत्र्यानं धरलं. तवापसनं ह्यांचा सोतावर भरवसा न्हाई. उद्या उजवी पडली ना, तर हे म्हनत्याल, म्याच केलं आसंल. गावाचं सोडा, ह्यांचं मन कोन वळवंल?"

ज्यानं काही केलं नाही तो माणूस, देवीनं बोट दाखवलं तर, स्वतःला गुन्हेगार ठरवायला तयार होता. आणि ज्यानं केलं होतं तो, दगड गडगडतो म्हणून, चुलीपाशी शेकत बसला होता. त्याला हे सांगून टाकावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं. त्यानं कान टवकारले.

डावीकडं पडलं.

"मी नीट लावीन," तो म्हणाला.

"कुनीतरी वाटंनं विडी टाकली आसंल, हो," बनुबाई घागर उचलत म्हणाली. "पर त्ये आता कशाला म्होरं येतंय? भाड्या घरात बसला आसंल उबंला."

६

मंगळवारी सभामंडप भरला. गुंडा ओल्या धोतरानं उंबऱ्याशी उभा, हात जोडलेले. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. वाढदिवसाला नवा सदरा घालून बसवलेल्या पोरासारखा तो उत्सुक दिसत होता. बनुबाई खांबाला टेकून उभी होती. जोतिबाला बाजेसकट आणता आलं नव्हतं, त्यामुळं गाऱ्हाणंही नाथाजीनंच घालायचं होतं.

आत जायच्या आधी लालासाहेब मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आई न्हाई म्हनली, तर ह्याच्यावरचा आळ उतरला. पर मंग हितंच थांबायचं न्हाई. त्या दिवशी त्या वाटंवर जे जे हुतं, एकेकाचं नाव घिऊन कौल लावायचा. हुंद्या एकदाचं."

"व्हय, व्हय," लोक म्हणाले.

नाथाजी आत गेला. गाभाऱ्यात एकट्या गुरवानं जायचं असतं. बाहेरच्यांना दाराच्या चौकटीतून मूर्ती दिसते, पण गुरव पुढं वाकला की त्याची पाठच दिसते. समई नीट जळत होती. तेलाचा, ओल्या दगडाचा, कण्हेरीच्या कळ्यांचा वास. त्यानं तबकातून कळी उचलली, पाण्यात बुडवली. गाऱ्हाणं घातलं. "आई वडजाई, गुंडानं ऊस पेटवला असंल, तर उजवी दे. नसंल, तर डावी दे."

आता त्यानं ऐकायचं ठरवलं. जे आधीच ठरलेलं आहे ते ऐकू येईल, मग हात त्याप्रमाणं चालेल. इतके दिवस चालत आला तसा.

ऐकू काहीच आलं नाही.

तो थांबला. बाहेर कुणीतरी खोकलं. त्यानं डोळे मिटले. उजवा कान. डावा कान. कालवा दूरवर वाहत होता, तेवढं ऐकू येत होतं. गाभाऱ्यात शांतता होती. रिकाम्या खोलीत असते तशी नव्हे. समोरचा माणूस प्रश्न ऐकून घेऊन, उत्तर न देता, तुमच्याच तोंडाकडं बघत राहतो, तेव्हा जशी पसरते तशी ती होती.

'सांग,' तो मनात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या दगडाला काही मागितलं. 'कुठली ते सांग. मी तेच करीन.'

शांतता हलली नाही. कळी बोटांत ओली होती. त्यानं उजव्या खांद्याला कळी टेकवली आणि हात काढून घेतला. मग डाव्या खांद्यासाठी दुसरी उचलली. ती टेकवली. हात काढून घ्यायचा होता. बाहेर लालासाहेब थांबले होते, एकेक नाव घ्यायला. त्या वाटेवर दोनच माणसं होती.

त्याचा अंगठा कळीवरच होता. त्यानं बघितलं. अंगठ्याला कुणी ढकलत नव्हतं. भूक नव्हती, वारा नव्हता, बैल समोरून येत नव्हते. अंगठा वर घेणं अगदी सोपं होतं, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं, की तेवढं स्वच्छ त्याला आजवर कुठल्याच पुस्तकातलं काही कळलं नव्हतं.

त्यानं दाबलं.

कळीचं बूड चिरडल्याचं बोटाला कळलं. चिकट पाणी नखात गेलं. तो बाजूला सरला. सगळ्यांनी माना पुढं काढल्या. थोड्या वेळानं उजवी कळी कलली, शेंदरावरून घसरली आणि फरशीवर पडली. तिचा आवाज झाला नाही.

७

गुंडाचे हात सुटले. तो मूर्तीकडं बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती उत्सुकता हळूहळू जाऊन तिथं काहीतरी शोधत असल्यासारखा भाव आला.

"म्हंजी म्याच," तो म्हणाला. "झोपंतनं उठलो आसन. काडी कुटली? पर आसंल. आई खोटं कशी बोलंल?" मग एकदम ओरडला, "मालक, मला आठवत न्हाई हो! पर म्याच आसंल!"

"गप बसा!" बनुबाई किंचाळली. "तुमी न्हाई! आवं, तुमी न्हाई!" पण गुंडानं तिच्याकडं पाहिलंच नाही. तो लालासाहेबांच्या पायांवर पडला.

नाथाजी तिकडं बघू शकला नाही. गाभाऱ्यात कौल उतरवायचं काम राहिलं होतं. त्या निमित्तानं तो पुन्हा आत वळला. खाली वाकून त्यानं पडलेली उजवी कळी उचलली. आता डाव्या खांद्यावरची काढायची. वाकलेलाच असताना त्याला वाटलं, आत काहीतरी बदललंय. समई तशीच होती. तबक तसंच होतं. फक्त एखाद्या खोलीत आपल्याकडं बघत बसलेलं माणूस उठून गेल्यावर जसं मोकळं वाटतं, तसं वाटत होतं.

त्यानं मान वर केली.

खांदे होते. तेच जाड खांदे. त्यांच्या मध्ये, जिथं डोळे असायला हवे होते, तिथं दगडात कोरलेला अंबाडा होता, गच्च बांधलेला, शेंदराचा एक ठिपकाही न लागलेला. त्याखाली मानेचा खळगा. कुणी कधी न पाहिलेली पाठ. दाबलेली कळी त्याच खांद्यावर होती, पण तो खांदा आता त्याच्या दुसऱ्या हाताला आला होता.

त्यानं ते किती वेळ पाहिलं, त्याला सांगता येणार नाही. नजर खाली घालून तो पाठमोरा सरकत उंबऱ्याबाहेर आला. डावी कळी तिथंच राहिली.

बाहेर लालासाहेबांचा राग ओसरला होता. जिंकलेल्या माणसाला उदार होता येतं. पायाशी पडलेल्या गुंडाला त्यांनी उठवलं होतं. "कबूल केलं, मंजे झालं," ते म्हणाले. "पोलिसात न्हाई देत म्या. आमी रागात हाय, आमच्या तोंडातनं कायबी निगंल. परफेसर, तुमी शिकल्यालं. ह्याचं काय करायचं ते तुमी सांगा. सोडा म्हनलासा तर सोडतो बगा."

सगळ्यांनी नाथाजीकडं पाहिलं. गुंडानंही. त्याचे डोळे स्वच्छ होते. "सांगा परफेसर," तो म्हणाला. "आर्डर द्या. म्या करतो."

नाथाजीनं ऐकलं. अजूनही त्यानं ऐकून बघितलं. उजवीकडं काही नव्हतं. डावीकडं काही नव्हतं. 'सोडा' एवढा एक शब्द बोलायचा होता. पण गुंडा गावात राहिला, तर एखाद्या दुपारी बांधावर बसल्या बसल्या त्याला आठवेल, की त्या दिवशी त्या वाटेवर धुराचा वास येत होता.

"गाव सोडावं त्यानं," नाथाजी म्हणाला.

"जी," गुंडा म्हणाला.

बनुबाई खांब सोडून पुढं आली. ती रडत नव्हती. तिनं नाथाजीच्या तोंडाकडं बघितलं, मग त्याच्या उजव्या हाताकडं, मग पुन्हा तोंडाकडं. आणि आजवर 'नाथाभाऊ' म्हणणारी ती बाई त्याला म्हणाली, "हे आई न्हाई बोलली. हे तू बोललास."

तिनं गुंडाचा हात धरला आणि त्याला पायऱ्या उतरवून नेलं. लोकांनी वाट दिली. मग कुणीतरी घंटेला हात घातला, कारण कौलानंतर आरती होतेच. "घ्या परफेसर," लालासाहेब म्हणाले.

निरांजन पेटवून कुणी त्याच्या हातात दिलं. तो उंबऱ्यापाशी गेला. आत प्रकाश पोचत होता. लोक त्याच्या खांद्यावरून आत बघत होते आणि कुणाच्याही तोंडून काही निघालं नाही. त्यांना काय दिसत होतं ते त्यानं विचारलं नाही. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले आणि आरती म्हणायला सुरुवात केली. ती संपेपर्यंत उघडले नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसलं नाही.

मागं लालासाहेब शेजारच्याला हळूच म्हणाले, "एवढा शिकल्याला, पर भक्ती बग कशी हाय."